सहा तारांचा आऊट

चाकाचा आऊट काढावा तर तो काकूंनीच, ह्यावर त्या रस्त्यावर दोन मतं नव्हती. आऊट म्हणजे चाकाचा वाकडेपणा. सायकल चालवताना मागचं चाक डावीउजवीकडे डुलायला लागलं की समजायचं, स्पोकांचं आपसात बिनसलंय. सायकल दुरुस्तीचे बाकीचे दुकानदार चाक स्टँडला लावून डोळे बारीक करून बघत बसत. काकू आधी ऐकायच्या. नखाने एकेक स्पोक वाजवत चाकाला फेरी मारायच्या, ढिला कुठला आणि ताठ कुठला ते कानानेच ओळखायच्या आणि मग चावी फिरवायच्या. अर्ध्या तासात चाक इतकं सरळ फिरायला लागे की ते फिरतंय की उभं आहे असा प्रश्न पडावा. हे सगळं काकू स्वतःच लोकांना सांगत. चांगल्या कामाची जाहिरात दुसऱ्यावर सोपवली तर ती होत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

अशा ह्या काकू चोपन्नाव्या वर्षी गिटार शिकायला बसल्या, आणि त्याला कारण काका.

काका बसचे ड्रायव्हर. चौतीस वर्षं गाडी चालवली, एकाही माणसाला ओरखडा उठू दिला नाही. स्टिअरिंगवर बसून तोंडातल्या तोंडात गुणगुणायची त्यांना सवय होती आणि इंजिनाच्या आवाजाखाली ती खपूनही जायची. पण बारा वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात कुणीतरी त्यांना आग्रहाने गायला उभं केलं. साथीला पेटी नाही, काही नाही. काकांनी सुरुवात केली एका पट्टीत, कडव्याला गेले दुसऱ्या पट्टीत आणि उतरले ते तिसऱ्याच गावाला. मागून कोणीतरी ओरडलं, "सांभाळून, पुढे घाट आहे!" सगळा डेपो हसला. त्या दिवसापासून काकांचं नाव पडलं घाटकाका. काकाही सगळ्यांबरोबर हसले, पण त्यानंतर ते गाडीत गुणगुणायचे बंद झाले. हे डेपोत कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकूंच्या आलं, कारण सकाळी दाढी करतानाचा आवाजही त्याच दिवशी बंद झाला होता.

आता काकांची स्वतःची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. निवृत्त होणाऱ्याने दोन शब्द बोलायचे किंवा एखादं गाणं म्हणायचं, अशी डेपोची रीत होती. काकांनी घरी जाहीर केलं की आपण दोनच शब्द बोलणार, 'आभारी आहे' आणि बसणार.

"आणि ते लोक तुम्हाला जन्मभर घाट म्हणत राहणार," काकू म्हणाल्या.

"म्हणू देत. माझ्या अंगाला काय भोकं पडतात?"

"पडली आहेत. मला दिसतात."

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाला समजवावं तसं समजवायला घेतलं. "तुमचा आवाज काही वाईट नाही. त्याला टेकायला काही नव्हतं, एवढंच. स्टँड नसलेली सायकल पडतेच, त्यात सायकलचा काय दोष? तुम्ही गा. मी वाजवते."

"तू? काय वाजवतेस?"

काकूंनी कपाटावर बोट दाखवलं. मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हा त्याची गिटार मागे राहिली होती. दोन महिन्यांची हौस होती ती, सहा वर्षं धूळ खात पडलेली.

"अगं, ते काय खायचं काम आहे?"

"छत्तीस स्पोकांचं भांडण मिटवते मी रोज. हिला तर सहाच तारा आहेत."

ही बढाई होती, हे काकूंना तिसऱ्याच दिवशी कळलं. मुलाने फोनवरून धडे पाठवले होते. त्यातल्या पहिल्याच कॉर्डला, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या पहिल्याच जुडग्याला, तीन बोटं तीन वेगळ्या तारांवर आणि दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या तीन वेगळ्या घरांत ठेवायची होती. काकूंची बोटं टायर चढवून चढवून रुंद झालेली. एक तार दाबायला जावं तर शेजारची आपोआप दबायची आणि टप्प असा मेलेला आवाज यायचा. नव्याने शिकणाऱ्यांची बोटं दुखतात म्हणे. काकूंना दुखण्याचा प्रश्नच नव्हता, त्यांच्या बोटांना तीस वर्षांचे घट्टे होते. पण घट्टे असले म्हणून बोट बारीक थोडंच होतं? एक महिना गेला. काकूंनी एकदा गिटारचाच लाकडी दांडा अरुंद असल्याचं ठरवून टाकलं. काका म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." त्यावर काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, कारण ते खरं होतं.

पण गिटार त्यांनी परत कपाटावर ठेवली नाही. दुकानात टायर टांगायच्या खुंटीवर अडकवली, गिऱ्हाईक नसेल तेव्हा काढून बसायच्या. तिथेच ती गाण्याच्या बाईंनी पाहिली.

ह्या बाई शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सत्तरी ओलांडली तरी सायकलवर फिरायच्या. मागचं चाक डुलतंय म्हणून आल्या होत्या. काकू स्पोक वाजवत फेरी मारत होत्या तेव्हा बाई स्टुलावर बसून ऐकत राहिल्या.

"कान फार तयार आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "मग ही गिटार अशी खुंटीला का?"

काकूंनी सगळी रामकहाणी सांगितली. बोटं दाखवली. बाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि गिटार मांडीवर घेतली.

"माझ्या वर्गातल्या लहान मुलांची बोटं पुरायची नाहीत. तुमची जास्त पुरतात. औषध एकच," असं म्हणत त्यांनी खुंट्या पिळायला घेतल्या. सहापैकी दोन तारांना हात लावला नाही, चार जराशा सैल सोडल्या. "आता काहीएक दाबू नका. नुसता उजवा हात फिरवा."

काकूंनी अंगठा वरून खाली फिरवला. सहाच्या सहा तारा एका आवाजात बोलल्या. सा, प, सा, ग, प, सा. कुठे कुरकुर नाही, कुठे टप्प नाही. आऊट काढलेलं चाक पहिल्यांदा सोडून बघावं तसं काकूंनी तो आवाज विरेपर्यंत सोडून पाहिला, आणि मग त्यांना संशय आला.

"म्हणजे हे कॉपी करून पास होण्यासारखं झालं ना?"

"सायकलला गिअर लावला तर चढ चढणं खोटं ठरतं का?" बाईंनी विचारलं. "ही मोकळी जुळणी. जगात कितीतरी लोक असंच वाजवतात. एक कॉर्ड फुकट मिळाली. आता पाचव्या घरावर एकच बोट आडवं टाका, सगळ्या तारांवर. ही झाली दुसरी. तेच बोट सातव्या घरावर, की तिसरी. तुमच्या ह्यांचं गाणं तीन कॉर्डच्या पलीकडे जात नाही, मी सांगते."

काकूंनी तर्जनी आडवी टाकली. जे बोट महिनाभर जाड म्हणून वाया गेलं होतं, ते सहाही तारांवर फळीसारखं बसलं. बारीक बोटांच्या पोरींना हेच जमवायला कष्ट पडतात, असं बाई म्हणाल्या. काकूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाईंच्या चाकाचा आऊट तर त्यांनी काढलाच, वर ब्रेकही घट्ट करून दिले.

पुढचे दोन महिने दुपारचं दुकान बंद असायचं आणि शटरच्या आत गिटार चालायची. मोकळी, पाचवं, सातवं, मोकळी. बोट घराच्या मधोमध न ठेवता धातूच्या पट्टीला लागून ठेवलं की आवाज स्वच्छ येतो, हे काकूंना चौथ्या दिवशी कळलं. उजव्या हाताला ताल शिकवावा लागला नाही. तीस वर्षं पंप मारलेला हात, तो आपोआपच एका चालीत पडायचा. तारा रोज थोड्या उतरायच्या. काकू त्या कानाने लावायच्या आणि ते त्यांना वाजवण्याहूनही आवडायचं. बाई अधूनमधून डोकावून जायच्या. एकदा नुसतंच म्हणाल्या, "आता मला काही सांगायचं उरलं नाही." काकूंनी ते वाक्य काकांना सांगितलं, मुलाला फोनवर सांगितलं आणि पंक्चर काढायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं.

काकाही गायला लागले. सुरुवातीला दार लावून, मग खिडकी लावून, मग नुसतेच. ध्रुवपद उत्तम जायचं. गिटारच्या आवाजाला धरून ते नीट चालायचे, कुठे घसरायचे नाहीत. गाडी अडायची एकाच जागी. कडव्यातली तिसरी ओळ वर चढायची, आणि त्या चढावर काकांचा गळा आवळायचा, आवाज फाटायचा, आणि तो वाचवायला ते पट्टी सोडून खाली यायचे. रोज तिथेच. काकूंना वाटायचं आपलं बोट सातव्या घरावर उशिरा पोचतं. काकांना वाटायचं आपल्या नशिबातच घाट आहे.

"ती ओळ गाळू," आदल्या दिवशी काका म्हणाले.

"चाकातला एक स्पोक काढून सायकल देते का मी कुणाला?"

समारंभ डेपोच्या कँटीनमध्ये होता, दुपारी चारला. टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या, एका टोकाला माइक. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपचे मेकॅनिक, सगळे मिळून शंभरेक माणसं. काकूंनी गिटार कंट्रोलरच्या केबिनमध्ये ठेवली आणि काकांच्या शेजारी पहिल्या रांगेत बसल्या. हा कंट्रोलर म्हणजे गाड्या वेळेवर सोडणारा माणूस. चाळिशीचा, मदतीला सदैव तयार, न मागताही. कॉलेजात असताना आपण गिटार वाजवायचो हे तो कुणालाही सांगायचा.

मॅनेजरचं भाषण झालं. शाल, नारळ, हार झाले. काकांना माइकपाशी बोलावलं. "काका, दोन शब्द की गाणं?" मागून कोणीतरी विचारलं, आणि कुजबुज झाली, "घाट, घाट." काकांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "गाणं. साथीला आमच्या घरचीच मंडळी आहे."

काकू उठल्या तशी खुर्च्यांमध्ये चुळबुळ झाली. कंट्रोलर लगबगीने गिटार घेऊन पुढे आला. स्टूल ठेवलं, दुसरा माइक गिटारपाशी आणला, आणि हळूच म्हणाला, "वहिनी, फार बेसूर झाली होती तुमची गिटार. चार तारा पार उतरलेल्या. मी सूर दाखवणारं मशीन लावून एकदम परफेक्ट करून ठेवलीये."

काकूंनी गिटार घाईने मांडीवर घेतली. त्यांनी अंगठा फिरवला. माइकमधून सहा तारा सहा दिशांना ओरडल्या. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काका माइकपाशी उभे होते. त्यांची शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी सावरलीही नाही. बारा वर्षांपूर्वी ते एकटे फजीत झाले होते. आज बायकोसकट होणार होते.

भीक नको पण कुत्रं आवर, असं काकूंच्या अगदी जिभेवर आलं. पण भल्या माणसाला शंभर लोकांत तोडून बोलण्यात काय मर्दुमकी? आणि बोलण्यात वेळ घालवला तर तारा कोण लावणार? त्यांनी कंट्रोलरला फक्त एवढंच म्हटलं, "हा माइक जरा लांब घ्या." मग मान खाली घातली, कान लाकडाला टेकवला आणि नखाने पहिली तार वाजवली.

दुकानात उभं राहून काकूंना असं ऐकताना पाहिलेले दोघंतिघं मेकॅनिक त्या गर्दीत होते. त्यांनी शेजाऱ्यांना गप्प केलं. काय लावायचं ते काकूंना ठाऊक होतं. दोन तारा जागेवर होत्याच, चार पुन्हा सैल करायच्या होत्या. दोन मिनिटांचं काम. पहिली तार उतरवून झाली आणि दुसरीच्या खुंटीला हात घातला, तेवढ्यात त्यांच्या कानावर दुसरंच काहीतरी आलं.

काका गुणगुणत होते. धीर धरायला म्हणून, माइकपासून तोंड फिरवून, स्वतःशीच. ध्रुवपद झालं, कडवं आलं, ती तिसरी ओळ आली, आणि काका ती सहज चढून गेले. ना गळा आवळला, ना आवाज फाटला. काकूंची बोटं खुंटीवरच थांबली. त्यांनी जागेवरची तार हळूच वाजवून पाहिली. काकांचा सा गिटारच्या सा पेक्षा चांगला दोन-अडीच घरं खाली होता.

दोन महिने! दोन महिने त्या माणसाला उंच सीटवर बसवून त्यांनी पेडल मारायला लावलं होतं आणि पाय पुरत नाहीत म्हणून दोघंही त्याच्या पायांना दोष देत होते. दुकानात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाची सीट त्यांनी पहिल्यांदा त्याच्या उंचीला लावून दिली असती. घरच्या माणसाची उंची मोजायची मात्र राहून गेली. काकूंना स्वतःचा सणसणीत राग आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "तसंच गुणगुणत राहा. थांबू नका."

"अगं, लोक बघतायत."

"त्यांना बघू द्या. मला ऐकू द्या."

मग त्यांनी सगळ्याच तारा सोडल्या. जागेवरच्या दोन होत्या त्याही. इतक्या सैल तारांवर त्यांनी कधी वाजवलं नव्हतं; जाड तार फडफडेल, बोट चुकेल, काहीही होईल. पण घरं तीच राहणार होती, मोकळं, पाचवं आणि सातवं, आणि आडवं बोटही तेच. त्यांनी जाड तार काकांच्या आवाजाला टेकवली. ती काकांच्या आवाजात दिसेनाशी झाली तेव्हा दुसरीला घेतलं. नखाने वाजव, खुंटी फिरव, पुन्हा वाजव. कँटीनमध्ये चहाचा कप ठेवल्याचा आवाजही येईना. शंभर माणसं एका बाईला खुंट्या पिळताना बघत होती आणि घाई करा म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. सा. प. सा. ग. प. शेवटची बारीक तार लागली आणि काकूंनी अंगठा वरून खाली फिरवला.

जरा फडफडलीच जाड तार. पण सहाच्या सहा एका घरात नांदत होत्या, आणि त्या घरात काकांचा आवाज आधीपासूनच बसलेला होता.

काकांनी चमकून वळून पाहिलं. साथ आपल्या पट्टीला आलीय हे गाणाऱ्याला सांगावं लागत नाही.

गाणं सुरू झालं. ध्रुवपद गेलं. काकूंचा उजवा हात पंपाच्या चालीत पडला आणि डावं बोट पाचव्या घरावरून सातव्यावर सरकायला लागलं. कडवं आलं तसे मागचे दोघं एकमेकांना कोपरं मारू लागले, आता बघ, आता घाट. तिसरी ओळ आली. काका चढले, वर पोचले, तिथे चक्क थांबले, पुरता श्वास भरला आणि रस्ता मोकळा असल्यासारखे आरामात उतरले. कोपरं मारणारे तसेच राहिले. दुसऱ्या कडव्याला काका डोळे मिटून गात होते. पुढच्या रांगेतला एक म्हातारा कंडक्टर, ज्याने काकांबरोबर अठरा वर्षं एका गाडीवर काढली होती, तो मोठ्याने म्हणाला, "अरे, हा असा गातो? आणि आम्ही ह्याला गप्प बसवला?" कोणी हसलं नाही.

टाळ्या पडल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत. कोणीतरी "वन्स मोअर" ओरडलं, आणि काकांनी त्याला मान देऊन ती तिसरी ओळ पुन्हा एकदा म्हटली, नुसती तीच, अगदी हौसेने. काकू गिटार धरून स्टुलावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी लाजून मान खाली वगैरे घातली नाही. समोरच्या प्रत्येकाकडे एकेक करून पाहिलं, आणि हा माझा नवरा आहे हे प्रत्येकाला नीट कळल्याची खात्री करून घेतली.

गर्दी पांगायला लागल्यावर कंट्रोलर जवळ आला. बिचारा ओशाळला होता. त्याने माफी मागितली आणि गिटार हातात घेऊन एकेक तार हळूच वाजवून पाहिली. मग खिशातलं मशीन काढून लावलं, त्याच्या सुईकडे बघितलं, पुन्हा वाजवली.

"वहिनी, गाताना किती गोड वाजत होती! पण मशीन तर काही भलतंच दाखवतंय. ओळखीच्या कुठल्याच पट्टीत बसत नाही. हे ट्यूनिंग आहे तरी कुणाचं?"

पलीकडे चारपाच ड्रायव्हरांच्या घोळक्यात काका हातवारे करून काहीतरी सांगत होते, आणि बोलता बोलता मध्येच गुणगुणत होते. काकूंनी तिकडे पाहिलं.

"ह्यांचं," त्या म्हणाल्या.